होडीच्या एंजिनातील चुंबक आणि घटमाला : एका विलंबित संयोगाचा इतिहास

होडीच्या मागल्या फळीवर टांगावयाच्या एंजिनाचा, म्हणजे ज्याला आता सर्वत्र आउटबोर्ड असे म्हणतात त्या यंत्राचा, इतिहास सामान्यतः एका कथेने सुरू करण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओकाउची नावाच्या सरोवरावर ओली एव्हिनरूड हा तरुण कारागीर आपल्या वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणावयास वल्ही मारीत गेला. परत येईतो आइस्क्रीम वितळून गेले. आणि त्या फजितीतून होडीला एंजिन टांगण्याची कल्पना त्याला सुचली, अशी ती कथा आहे. कथा मनोरम आहे, आणि तिच्यात तथ्यांश असेलही. परंतु यंत्रांचा इतिहास अशा एका दुपारीत घडत नसतो. प्रस्तुत लेखात या यंत्राच्या इतिहासातील एका निराळ्याच, तुलनेने दुर्लक्षित अशा प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तो प्रश्न असा. शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुन्हापुन्हा भारित करता येणारा विद्युत्‌घट गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली सिद्ध केला. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या सापेक्ष गतीने विद्युत् उत्पन्न होते, हे मायकेल फॅराडेने १८३१ मध्येच दाखवून दिले होते, व दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये हिपॉलित पिक्सी याने हाताने फिरवावयाचे चुंबकीय यंत्र तयार केले होते. १९२० च्या सुमारास होडीच्या एंजिनाच्या माथ्यावरील जड चाकात, म्हणजे प्रचक्रात, चुंबक बसविण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती. म्हणजे चुंबक होता, तो मिनिटाला हजारो फेरे फिरत होता, आणि भारित होण्यास योग्य असा घटही बाजारात मिळत होता. असे असूनही एंजिन चालू असता त्याच होडीतील घटमाला भारित व्हावी ही साधी व्यवस्था सर्रास आढळू लागण्यास जवळजवळ अर्धशतक जावे लागले. हा विलंब का झाला? नेहमीचे उत्तर असे की, गरज नव्हती म्हणून. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे.

आरंभी एक विसंगती नमूद करावयास हवी. होडीबाहेर टांगावयाचे पहिले यशस्वी यंत्र तेलावर चालणारे नव्हते. ते विजेवरच चालणारे होते. पॅरिसमधील यंत्रशोधक ग्युस्ताव्ह त्रुव्हे याने १८८१ साली सीन नदीत ‘ल तेलेफोन’ नावाची लहान नाव विजेच्या मोटारीने चालवून दाखविली. मोटार सुकाण्यालाच जोडलेली होती आणि सुकाण्यासकट सारे काढून हातात घेता येत असे. त्याच्या विजेचा उगम रासायनिक घटांत होता. रसायन संपले की नाव थांबावयाची. म्हणजे या यंत्राच्या वंशावळीचा आरंभच घटमालेपासून होतो, आणि ‘घट संपला की पुढे काय’ हा प्रश्नही त्याच दिवसापासून त्याच्याबरोबर चालत आला आहे.

अंतर्ज्वलन एंजिन होडीला टांगण्याचे प्रयत्न १८९६ पासून अमेरिकेत झाले. येल विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणाऱ्या कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ साली डेट्रॉइट येथे असे एंजिन चालवून पाहिले आणि १९०७ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. एव्हिनरूड त्याच्यानंतरचा. त्याचा जन्म १८७७ मधला, नॉर्वेतला. आईबापांबरोबर तो लहानपणीच विस्कॉन्सिनमध्ये आला. मिलवॉकी शहरात १९०९ साली त्याने विक्रीस काढलेले एंजिन दीड अश्वशक्तीचे होते. त्याचे वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर होती. पत्नी बेस हिने लिहिलेल्या जाहिरातींनी त्याचा बोलबाला केला, आणि न्यूयॉर्कमधील एका निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत ती एंजिने स्कँडिनेव्हियातील मच्छीमारांपर्यंत पोचली. मायदेश सोडून आलेल्या मुलाचे यंत्र मायदेशाच्या खाड्यांत उतरले, हा योगायोग जाता जाता लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे आपल्या किनाऱ्याच्या संदर्भात तो पुन्हा आठवावा लागेल.

या पहिल्या एंजिनात ठिणगी पडत असे ती घटमालेच्या विजेने. तेलाच्या एंजिनात हवा आणि इंधनवाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि ठरावीक क्षणी त्यात विजेची ठिणगी पाडून ते पेटविले जाते. ठिणगीला हजारो व्होल्टांचा दाब लागतो. सहा व्होल्टांच्या घटमालेचा प्रवाह प्राथमिक वेटोळ्यात सोडून तो एकाएकी तोडला, म्हणजे शेजारच्या पुष्कळ वेढ्यांच्या वेटोळ्यात असा दाब उत्पन्न होतो. व्यवस्था सोपी, पण घटमाला होडीत निराळी ठेवावी लागे. खारे पाणी तारांच्या जोडांवर चढे. आणि घट संपले की मालक पुन्हा वल्ह्यांकडे वळे. यावर उपाय म्हणजे मॅग्नेटो. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला होता. त्यात घटमाला मुळीच नाही. एंजिनाच्या गतीने चुंबक आणि वेटोळे यांची सापेक्ष हालचाल होते, तिच्यातूनच ठिणगीची वीज निघते. हेच तत्त्व प्रचक्रात बसविले की वेगळे यंत्रसुद्धा लागत नाही: चाकाच्या कडेला चुंबक, चाकाखाली स्थिर वेटोळे, बस्स. १९१० नंतरच्या दशकात होडीच्या एंजिनांत ही रचना शिरली.

येथपर्यंतचा वृत्तांत सरळ प्रगतीचा वाटतो: आधी परावलंबी घटमाला, मग स्वावलंबी मॅग्नेटो. परंतु पुढची घटना या सरळ रेषेत बसत नाही, आणि म्हणूनच ती महत्त्वाची आहे. पत्नीच्या प्रकृतीमुळे एव्हिनरूडने १९१४ च्या सुमारास आपला कारखाना भागीदारास विकला आणि पाच वर्षे या धंद्यात न पडण्याचा करार केला. मुदत संपल्यावर त्याने ॲल्युमिनियमचा मुबलक उपयोग करून दोन सिलिंडरांचे, सुमारे ४८ पौंडांचे आणि तीन अश्वशक्तीचे नवे एंजिन १९२१ मध्ये बाजारात आणले. त्याचे नाव ‘एल्टो’. मॅग्नेटोचे युग सुरू झालेले असताना याच अनुभवी कारागिराने एल्टोसाठी पुन्हा कोरड्या घटांची ठिणगी-व्यवस्था निवडली. दुसऱ्या वर्षी इंडियाना राज्यातील जॉन्सन बंधूंनी ३५ पौंडांचे, दोन अश्वशक्तीचे एंजिन काढले. त्यात मात्र प्रचक्रातील मॅग्नेटो होता. दोन्ही एंजिने खपली. त्या काळच्या ग्राहकांत कोणते बरे यावर कडाक्याचे वाद होत.

एव्हिनरूड मागे का वळला? मॅग्नेटोचा दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. चुंबकाच्या गतीवर विजेचा दाब अवलंबून असतो. एंजिन वेगात असता ठिणगी जोमदार. पण एंजिन सुरू करतेवेळी, माणूस दोरी ओढून चाक फिरवीत असतो त्या वेळी, गती सर्वांत कमी आणि म्हणून ठिणगी सर्वांत दुबळी. जिथे ठिणगीची गरज सर्वाधिक, नेमकी तिथेच ती क्षीण. घटमालेचे याउलट असते. चाक हळू फिरो वा जोरात, तिची ठिणगी तितकीच तेज. एल्टोचे प्रचक्र हाताने किंचित उलटे ढकलले तरी एंजिन सुरू होई, ही त्याची ख्याती होती. वृद्ध माणसे आणि मुले ते सुरू करू शकत. म्हणजे प्रारंभासाठी घटमाला आणि सातत्यासाठी चुंबक, अशी ही विभागणी आहे. आणि दोहोंपैकी एकाचीच निवड करणाऱ्याला दुसऱ्याचा गुण गमवावा लागे. हेन्री फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटारीत ही विभागणी अक्षरशः डोळ्यांसमोर मांडलेली होती: चालकापुढील खटक्यावर ‘बॅटरी’ आणि ‘मॅग्नेटो’ अशी दोन स्थाने असत. पहिल्यावर एंजिन सुरू करावयाचे आणि ते चालू लागले की खटका दुसऱ्यावर न्यावयाचा.

मॉडेल टीचे उदाहरण आणखी एका कारणाने आपल्या प्रश्नाच्या मर्माशी नेते. तिच्या प्रचक्रावर सोळा चुंबक बसविलेले असत. १९१५ पासून पुढचे विजेचे दिवेही याच मॅग्नेटोवर चालत, आणि एंजिनाचा वेग वाढला की ते झळकत, कमी झाला की मंदावत. रात्री हळू चालविणाऱ्यास रस्ता दिसेनासा होई. १९१९ मध्ये या मोटारीला विजेने सुरू होण्याची सोय आणि त्यासाठी भारित होणारी घटमाला मिळाली, तेव्हा ती घटमाला भारित करण्यासाठी एक स्वतंत्र डायनामो बसवावा लागला. सोळा चुंबक चाकावर फिरत असताना वेगळा डायनामो कशासाठी?

कारण मॅग्नेटोची वीज प्रत्यावर्ती असते. चुंबकाचा उत्तर ध्रुव वेटोळ्यासमोरून गेला की प्रवाह एका दिशेने वाहतो आणि दक्षिण ध्रुव गेला की उलट दिशेने. दिव्याच्या तारेला दिशेशी कर्तव्य नसते. ती दोन्ही दिशांच्या प्रवाहाने सारखीच तापते. घटाचे तसे नाही. एका दिशेच्या प्रवाहाने त्याच्या पट्ट्यांवर जी रासायनिक क्रिया होते ती उलट दिशेच्या प्रवाहाने नाहीशी होते. क्षणार्धात भरावे आणि क्षणार्धात ओतून टाकावे असा तो प्रकार आहे. डायनामोमध्ये दिक्‌परिवर्तक आणि कार्बनचे ब्रश यांच्या योगाने हा प्रवाह यांत्रिक रीतीने एकदिश करून घेतला जातो. पण त्यासाठी वजन वाढते, ब्रश झिजतात, पट्टा आणि कप्पी लागते आणि घटातून उलटा प्रवाह डायनामोत जाऊ नये म्हणून आपोआप उघडणारा खटकाही लागतो. चाळीस पौंडांचे, एका हाताने उचलून किनाऱ्यावर न्यावयाचे आणि खाऱ्या पाण्याच्या तुषारांत चालवावयाचे एंजिन हा भार कसा सोसणार? आमचे प्रतिपादन असे की, विलंबाचे मुख्य कारण गरजेचा अभाव हे नसून हलक्या आणि हलत्या भागांवाचून चालणाऱ्या एकदिशकारकाचा अभाव हे होय.

याला पुरावा म्हणून १९३० ची घटना पाहता येते. एव्हिनरूडची जुनी आणि नवी कंपनी व लॉकवुड ही तिसरी कंपनी १९२९ मध्ये एकत्र आल्या होत्या. या संयुक्त कंपनीने १९३० मध्ये आपल्या मोठ्या एंजिनांना विजेने सुरू होण्याची सोय देऊ केली. गरज नव्हती असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या प्रारंभकाने १९१२ पासून मोटारगाडीचा हाताने फिरवावयाचा दांडा नाहीसा होऊ लागला होता. होडीच्या ग्राहकालाही तेच हवे होते. परंतु महामंदीच्या काळात हे जड आणि महाग साधन टिकले नाही, आणि पुढील वीसेक वर्षे दोरीचेच राज्य राहिले. बेस १९३३ मध्ये आणि ओली १९३४ मध्ये निवर्तला. १९३६ मध्ये जॉन्सनही याच समूहात विलीन झाली.

दरम्यान एकदिशकारकाचा शोध अगदी निराळ्या दिशेने पुढे सरकत होता, आणि त्याचा होड्यांशी कसलाही संबंध नव्हता. काही स्फटिकांतून वीज एका दिशेने सुलभपणे व दुसऱ्या दिशेने अत्यल्प वाहते, हे फेर्डिनांड ब्राउन याने १८७४ मध्ये पाहिले होते. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग करून विद्युत् लहरींचा शोधक तयार केला. त्याचे अमेरिकन एकस्व १९०४ चे आहे. पण हे सारे अतिसूक्ष्म प्रवाहांसंबंधी होते. किनाऱ्यावरच्या गॅरेजांत घटमाला भारित करण्यासाठी १९१६ पासून ‘टंगर’ नावाचा काचेचा दिवा वापरला जाई, त्यात तापलेली तार आणि विरळ वायू असे. होडीच्या हादऱ्यांत तो टिकण्याची गोष्टच नको. १९२० नंतर तांब्याच्या ऑक्साइडच्या, आणि १९३० नंतरच्या दशकात सेलेनियमच्या चकत्यांचे एकदिशकारक आले. सेलेनियमने प्रथमच काही अँपिअरांचा प्रवाह हलत्या वाहनात एकदिश करता येऊ लागला. इंग्लंडमध्ये १९५३ च्या ट्रायम्फ मोटारसायकलीवर चुंबकीय प्रत्यावर्तित्र आणि सेलेनियमचा एकदिशकारक ही जोडी बसविण्यात आली. पण सेलेनियमच्या चकत्या मोठ्या असत, त्यांना वारा लागे, आणि त्या तापल्या की लवकर निकामी होत. शेवटचा अडसर दूर केला तो सिलिकनने. १९५० नंतरच्या दशकात सिलिकनचे शक्तिशाली एकदिशकारक तयार होऊ लागले: वाटाण्याएवढा तुकडा, अनेक अँपिअर प्रवाह, आणि त्यात वाया जाणारा दाब केवळ पाऊण व्होल्टाच्या आसपास. मोटारगाडीत हे तंत्र १९६० मध्ये क्रायस्लर कंपनीने आणले. ब्राउनच्या निरीक्षणापासून येथवर ८६ वर्षे लोटली होती.

होडीच्या एंजिनांत या काळात मोठी स्थित्यंतरे चालू होती. १९५४ पासून अमेरिकन कंपन्यांची मोठी एंजिने पुन्हा विजेने सुरू होऊ लागली. आरंभी घटमाला किनाऱ्यावर नेऊन भारित करावी लागे. त्यानंतर प्रचक्रावरून पट्ट्याने फिरणारा डायनामो वैकल्पिक साधन म्हणून मिळू लागला. मर्क्युरी कंपनीच्या १९५७ च्या ‘मार्क ७५’ या साठ अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्यात दंतचक्रे बदलून होडी मागे नेण्याची सोय नव्हती. होडी मागे न्यावयाची तर एंजिन बंद करून ते उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावे लागे! धक्क्याला होडी लावताना दर वेळी एंजिन बंद करा, उलटे सुरू करा, पुन्हा बंद करा. अशा होडीत घटमाला ही सुखसोय उरत नाही. ती संपली तर होडी धक्क्यावर आदळेल. गरज जी काय व्हावयाची ती येथे पुरी झाली होती. आणि १९६० नंतर, सिलिकन स्वस्त होताच, डायनामो आणि पट्टा झपाट्याने हद्दपार झाले. प्रचक्राच्या आत चुंबक, त्यांखाली वेटोळ्यांचे कडे, त्यातून निघालेल्या दोन तारा, चार सिलिकन तुकड्यांचा पूल, आणि तेथून घटमालेकडे एक तार: हीच रचना आजतागायत टिकून आहे.

या रचनेतील एक अंग नीट समजून घेतल्याखेरीज तिचा पुढील इतिहास कळत नाही. डायनामोतील चुंबकत्व विजेने निर्माण केलेले असते, त्यामुळे ते कमीजास्त करून दाब आवरता येतो. प्रचक्रातील चुंबक कायमचे. त्यांना आवर घालता येत नाही. एंजिन वेगात गेले की दाब चढतच जाणार. मग घटमालेचे रक्षण कोण करी? लहान एंजिनांत पुष्कळ वर्षे कोणीच करीत नसे. घटमालाच स्वतःला सांभाळी. सहा घटांची बारा व्होल्टांची शिशाची घटमाला चांगली भरली की स्वस्थ असता १२.७ व्होल्टांच्या आसपास दाब दाखविते. दाब १४.४ व्होल्टांच्या वर गेला की अधिकाधिक वीज पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांत विघटन करण्यात खर्च होऊ लागते. पाच-सहा अँपिअर देणाऱ्या एंजिनापुढे मोठी घटमाला ही जणू धरणाच्या सांडव्यासारखी वागते: जादा पाणी वायुरूपाने निघून जाते आणि मालकाने महिन्या-पंधरवड्याने ऊर्ध्वपातित पाणी घातले की काम भागते. अभियंत्यांनी नियामक वाचविला, त्याचे काम रसायनाकडून करून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. आम्हास ही काटकसर चातुर्याची वाटते. मात्र तिचा परिणाम असा की, एंजिन चालू असता घटमालेची तार सुटली, तर सांडवाच बंद होतो आणि चढलेला दाब सिलिकनचे तुकडे क्षणात जाळतो. तारा उलट जोडल्या तरी तेच. मोठ्या एंजिनांत जादा प्रवाह बाजूला वळविणारे नियामक आले ते यासाठीच.

आकडे पाहिले असता व्यवस्थेचे प्रमाण ध्यानात येते. विजेच्या प्रारंभकाने १०० अँपिअर प्रवाह तीन सेकंद घेतला, तर खर्च झालेली वीज पाच अँपिअरांच्या प्रवाहाने केवळ एका मिनिटात भरून निघते. म्हणजे एंजिन सुरू करणे हा घटमालेवरचा खरा भार नव्हे. दहा वॅटचा एक दिवा आठ तास जळला, तर सुमारे पावणेसात अँपिअर-तास जातात, आणि त्याच पाच अँपिअरांनी ते भरून काढण्यास, घट जी वीज वाया घालवितो ती धरून, दीड तासाच्या आसपास एंजिन वेगात चालवावे लागते. वेगात हा शब्द येथे महत्त्वाचा. एंजिनावर छापलेले अँपिअर पूर्ण वेगाचे असतात. मंद गतीत चालणाऱ्या एंजिनाकडून त्याचा लहानसा अंशच मिळतो. जाळे ओढीत सावकाश जाणारा मच्छीमार घटमाला भरीत नसून रिकामी करीत असतो, आणि त्याला वाटते एंजिन चालू आहे तेव्हा वीज येतच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. भारतातील मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणात नॉर्वेचा वाटा सर्वश्रुत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहभागाने १९५२ साली झालेल्या करारान्वये केरळात क्विलॉनजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. एव्हिनरूडच्या जन्मभूमीतून आलेल्या या तज्ज्ञांनी येथे आणली ती मात्र नौकेच्या पोटात बसविलेली डिझेल एंजिने. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही मच्छीमारांच्या मोठ्या नौकांत यंत्र आले ते प्रामुख्याने याच स्वरूपात. टांगावयाचे एंजिन पुळणीवरून ढकलावयाच्या लहान होड्यांसाठी. केरळात त्याचा खरा प्रसार १९८० नंतरचा, आणि तोही जपानी बनावटीच्या, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवावयाच्या एंजिनांचा. जपानच्या यामाहा कंपनीने आपले पहिले असे एंजिन १९६० मध्ये काढले होते. आपल्या मत्स्यव्यवसायाच्या गणनांत या भेदाला चक्क दोन सदरे दिलेली आहेत: पोटात एंजिन असलेली नौका ‘यांत्रिकीकृत’, आणि एंजिन टांगलेली होडी ‘मोटारयुक्त’. गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावरील अनेक लहान होड्या या दुसऱ्या सदरात येतात.

या सदरभेदामागे एक विद्युत्-भेदही आहे, त्याकडे गणना करणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. पोटातल्या डिझेल एंजिनाबरोबर घटमाला आणि प्रत्यावर्तित्र सहसा येतातच. दिवे, बिनतारी संच, पुढे मासे शोधणारी ध्वनियंत्रे त्यांवर चालली. दोरीने ओढावयाच्या रॉकेल एंजिनाबरोबर बहुधा फक्त मॅग्नेटो आला. मोटारयुक्त होडी वेगाने आणि दूरवर जाऊ लागली, पण अंधारीच राहिली. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत बारा मीटरांहून कमी लांबीच्या यंत्रचालित होडीनेही रात्री सर्व दिशांना दिसणारा पांढरा दिवा आणि बाजूचे तांबडा-हिरवा दिवे दाखवावेत, असे आहे. केवळ सात मीटरांहून लहान आणि ताशी सात सागरी मैलांहून अधिक वेग नसलेल्या होडीस बाजूच्या दिव्यांपुरती, तेही ते लावणे शक्य नसेल तर, सवलत आहे. वल्ह्यांची होडी एंजिन टांगताच नियमाच्या एका वर्गातून दुसऱ्यात गेली. तिच्याबरोबर वीज गेली नाही. हातबॅटरी, कंदील, कोरडे घट यांवरच काम भागविले गेले. रात्री मोठ्या गलबतांच्या वाटेवर जाळी टाकून बसणाऱ्यांच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नव्हे.

जे एंजिन दिव्याच्या वेटोळ्यासह आले, त्याच्या दोन मोकळ्या तारा हा बंदरावरच्या कारागिरांच्या कौशल्याचा विषय झाला. दिवा थेट जोडला तर मॉडेल टीप्रमाणे वेगाबरोबर झळके आणि मंदावे, म्हणून मध्ये चार तुकड्यांचा पूल आणि जुनी मोटारीची घटमाला. कोकणातील एका बंदरावर आम्ही अशी एक जुळणी पाहिली आहे. पूल ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट बसविलेला, घटमाला झाकणाच्या लाकडी पेटीत, पेटीला वायू जाण्यास वर भोके, आणि घटमालेच्या धन टोकाशी लगेच वितळतार. शेवटची दक्षता विशेष. कारण घटमालेपासून वितळतारेपर्यंतची तार उघडी राहिली तर तिचे रक्षण कशानेही होत नाही. त्याच होडीवर पूर्वी एकदा पूल जळाला होता. साफसफाईनंतर घाईत तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. तांडेलाने त्यावर केलेला उपाय कोणत्याही पुस्तकात नाही: धन टोकाच्या तारेची लांबी त्याने इतकी कमी ठेवली की ती ऋण टोकापर्यंत पोचूच नये.

अलीकडील काळात या व्यवस्थेची दोन्ही टोके बदलली आहेत. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे प्रबळ चुंबक निघाले, आणि जुन्या एंजिनांतील पाच-दहा अँपिअरांच्या ठिकाणी मोठ्या एंजिनांतून चाळीस-पन्नास अँपिअर मिळू लागले. दुसऱ्या टोकाला लिथियमच्या घटमाला आल्या. त्यांत पाणी नाही आणि म्हणून सांडवाही नाही. आतील रक्षकयंत्रणा घटमाला भरली असे वाटताच संबंध एकदम तोडून टाकते, आणि मग जुना एकदिशकारक पुन्हा त्याच संकटात सापडतो, जणू कोणी चालू एंजिनाची तार काढून घेतली. ज्या काटकसरीवर १९६० ची रचना उभी होती ती शिशाच्या पाणीदार घटाशी बांधलेली होती, हे तो घट काढून टाकल्यावर ध्यानात येते.

इंधन सोडण्याचे कामही आता संगणकीय यंत्रणेकडे गेल्यामुळे घटमाला मेली की पुष्कळ मोठी एंजिने सुरूच होत नाहीत. प्रचक्रावर आपत्काळी दोरी गुंडाळण्याची खाच काही एंजिनांत आजही ठेवलेली आढळते. पण दोरीने चाक फिरले तरी पंप आणि संगणक यांना वीज कोठून मिळावी? या अडचणीवर काही कंपन्यांनी लहान एंजिनांपुरता उपाय काढला. त्यांच्या एंजिनांत घटमाला नसते. माणूस दोरी ओढतो, त्या एका हिसक्यात चुंबकाखालच्या वेटोळ्यांत जी वीज उत्पन्न होते तिच्यावरच पंप, संगणक आणि ठिणगी ही तिन्ही कामे होतात, आणि एंजिन सुरू झाल्यावर उरलेली वीज दोन तारांनी बाहेर काढलेली असते, ज्याला घटमाला हवी असेल त्याच्यासाठी.